भिंतीवरचा नकाशा आणि टोकियोचे विमान

सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान आपल्यावरून जातं का?" वर्ग हसला. मीही हसलो, ही माझी चूक. तिने समोरचा नकाशा बरोबरच वाचला होता. ग्रीनिच मध्यभागी धरलेल्या त्या नकाशात टोकियो उजव्या कडेला, सॅन फ्रान्सिस्को डाव्या कडेला आणि पॅसिफिक महासागर दुभंगलेला. मग दोन्ही शहरांमधली वाट आशिया, युरोप आणि अटलांटिकवरूनच दिसणार!

दोन्ही कडा जुळवल्या तरी दुसरा दोष उरतो. नारिता आणि सॅन फ्रान्सिस्को हे विमानतळ सुमारे ३६° आणि ३७.५° उत्तर अक्षांशांवर आहेत. मुले पट्टी ठेवून जवळजवळ आडवी रेघ ओढतात. त्या वाटेने अंतर भरते सुमारे ८,६८० कि.मी. आता पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो वर सरकतो, मध्यावर ४८° उत्तरेपर्यंत, म्हणजे अल्यूशियन बेटांच्या थोडा दक्षिणेला पोचतो. हे बृहद्वृत्ताचे अंतर, सुमारे ८,२५० कि.मी. नकाशावर जो वळसा दिसतो तोच जवळचा रस्ता!

यासाठी मर्केटरला बोल लावू नये. १५६९ साली त्याने हा नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेघ दिसते. ते काम तो आजही चोख करतो. अंतरे शिकवायला तो वर्गात टांगला, तो आपण.

आता नेहमीचे शाब्दिक उदाहरण पाहा. अंतर ८,२५० कि.मी., वेग ताशी ९०० कि.मी., तर वेळ किती? उत्तर ९ तास १० मिनिटे. प्रत्यक्षात टोकियोहून निघालेले विमान साधारण साडेनऊ तास घेते आणि परतीचे सुमारे अकरा. उदाहरणात दिशेचा उल्लेखच नसतो, कारण त्यात हवा नसते. वर मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहत असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे जोरदार वारे मोजले आणि १९२६ साली अहवाल छापला, पण एस्पेरांतो भाषेत! फारशी कोणी दखल घेतली नाही. १९५२ मध्ये पॅन ॲमच्या विमानाने या वाऱ्यावर स्वार होऊन टोकियो–होनोलुलू प्रवास १८ तासांवरून साडेअकरा तासांवर आणला.

"जाताना मिळते, येताना जाते, म्हणजे फिट्टंफाट," असे मुले म्हणतात. करून पाहा. वारा ताशी १०० कि.मी. धरला तर जाताना सव्वाआठ तास, येताना सुमारे १० तास १९ मिनिटे. बेरीज १८ तास ३४ मिनिटे. वारा नसता तर १८ तास २० मिनिटे. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा जास्त. त्यामुळे पश्चिमेकडे जाणारी विमाने पुष्कळदा दोऱ्याची वाटही सोडतात आणि वारा चुकवीत लांबून जातात, तरी लवकर पोचतात.

पुढच्या वर्षी मी घटक चाचणीत प्रश्न घातला : जानेवारीत टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी साडेनऊला कसे उतरते? निम्म्या वर्गाने लिहिले, "छपाईची चूक."