साचा आणि माणूस : स्टेपिन फेचिटच्या संथपणाचा अन्वयार्थ

साचेबद्ध पात्राची समीक्षा बहुधा दोन टप्प्यांत पुरी होते. प्रथम साचा ओळखावयाचा आणि मग त्याचा निषेध करावयाचा. कादंबरीच्या बाबतीत ही रीत एक वेळ चालून जाते, कारण तेथील पात्राला लेखकाच्या शब्दांपलीकडे देह नसतो. चित्रपटात मात्र साच्याच्या आत एक हाडामासाचा माणूस उभा असतो. त्याला स्वतःचा आवाज असतो, चाल असते, निर्मितिसंस्थेशी केलेला करार असतो आणि कीर्ती ओसरल्यानंतर जगावयाचे उरलेले आयुष्यही असते. या माणसाचे समीक्षेने काय करावे, हा प्रश्न अमेरिकी चित्रपटात ‘स्टेपिन फेचिट’ या नावाने गाजलेले कृष्णवर्णीय नट लिंकन पेरी (१९०२–१९८५) यांच्या कारकिर्दीच्या आधारे येथे तपासावयाचा आहे.

मराठीत लिहिताना हा प्रश्न व्याकरणापासूनच सुरू होतो. ‘पेरी यांनी’ असे आदरार्थी लिहावे की ‘फेचिटने’ असे एकेरी लिहावे, याचा निर्णय क्रियापदापाशी येताच करावा लागतो. नट आदरार्थी आणि पात्र एकेरी, अशी वाटणी सोयीची आहे व प्रस्तुत लेखात ती पाळली आहे. परंतु ती कितपत टिकते, हेच पाहावयाचे आहे.

फ्लॉरिडातील की वेस्ट येथे जन्मलेले पेरी फिरत्या खेळांतून आणि व्हॉडव्हिल रंगभूमीवरून चित्रपटात आले. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या प्रमुख वृत्तपत्रात ते लेखनही करीत. पडद्यावर जो अक्षरशत्रू वाटे, त्याला साकारणारा नट स्तंभलेखक होता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘इन ओल्ड केंटकी’ (१९२७) या चित्रपटाने त्यांच्याकडे लक्ष वेधले, आणि ‘हार्ट्स इन डिक्सी’ (१९२९) या आरंभीच्या बोलपटानंतर रॉबर्ट बेंचली यांनी ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकात त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. खांदे पाडून घसटत टाकलेली पावले, अर्धमिटले डोळे, पुटपुटत लांबत जाणारे आणि मध्येच विरणारे वाक्य, ही फेचिटची ओळख ठरली. तिच्या बळावर पेरी यांनी अमाप पैसा मिळविला. १९४७ साली त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

या संथपणाचे दोन अन्वयार्थ प्रचलित आहेत. पहिल्यानुसार तो वर्णद्वेषी विनोदाचा कळस आहे : कृष्णवर्णीय मनुष्य आळशी, मंदबुद्धी आणि भित्रा असतो, या गोऱ्या समाजाच्या समजुतीला पेरी यांनी देह दिला. नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ च्या सुमारास हॉलिवुडमधील अशा भूमिकांविरुद्ध मोहीम चालविली. डॉनल्ड बोगल यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात कृष्णवर्णीय पात्रांचे जे पाच साचे मांडले, त्यांतील विदूषकी साच्याचे ठळक उदाहरण म्हणून फेचिटचेच नाव घेतले जाते. दुसरा अन्वयार्थ याच्या नेमका उलट आहे. गुलामगिरीत कामचुकारपणा आणि वेड पांघरणे ही मालकाला चकविण्याची रीत होती, आणि फेचिट त्या लोकपरंपरेतील धूर्त नायकाचा वारसदार आहे. मेल वॉटकिन्स यांच्या २००५ मधील चरित्रात या दृष्टीला बराच वाव मिळाला आहे.

दोन्ही अन्वयार्थांत तथ्य आहे, आणि दोहोंत एकच उणीव आहे. अर्थ हा नटाच्या हावभावातच दडलेला असतो, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. वाद असतो तो केवळ दास्य की बंड एवढाच. वस्तुतः साचा हावभावात नसतो. त्या हावभावाभोवती जी रचना उभी केलेली असते, तीत तो असतो. नटाचे अडखळलेले वाक्य कोण पुरे करतो, त्याच्या भीतीचे कारण प्रेक्षकाला दाखविले जाते की नाही, कथेचा शेवट कोणाच्या हाती असतो, या गोष्टींनी त्या संथपणाचा अर्थ ठरतो.

जॉन फोर्ड यांचा ‘जज प्रीस्ट’ (१९३४) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८९० मधील केंटकीत घडणाऱ्या या चित्रपटाच्या आरंभी जेफ पॉइंडेक्स्टर, म्हणजे फेचिट, कोंबड्या चोरल्याच्या आरोपावरून न्यायालयात उभा केला जातो. फिर्यादी पक्षाचा वकील आवेशाने बोलत आहे, आरोपी झोपी गेला आहे, आणि विल रॉजर्स यांनी रंगविलेला न्यायाधीश वर्तमानपत्र वाचीत आहे. पुढे संभाषण मासेमारीवर येते आणि अखेरीस न्यायाधीश व आरोपी दोघे मासे धरावयास निघतात. धूर्त नायकाची बाजू घेणाऱ्याला येथे विजय दिसेल, कारण झोपलेल्या माणसाने कायद्याच्या वक्तृत्वाला निरर्थक ठरविले आहे. पण मुक्तता झाली ती न्यायाधीशाच्या लहरीने. चकविणाऱ्याच्या गोष्टीत शेवट चकविणाऱ्याच्या युक्तीने घडावा लागतो. येथे तो मालकाच्या कृपेने घडतो.

याच चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. पुतण्याच्या प्रतिस्पर्ध्याला पळवून लावण्यासाठी न्यायाधीश झाडीआडून संभाषणाचे सोंग करतो. त्यात तो स्वतःच्या आवाजात बोलतो आणि जेफच्या आवाजात उत्तरही देतो. प्रसंग हलकाफुलका आहे, परंतु साच्याचे स्वरूप तो उघड करतो. फेचिटचा आवाज पेरी यांच्या देहापासून सुटा करता येतो, गोऱ्या नटाला तो उसना घेता येतो, आणि असे करताना जेफच्या उपस्थितीची गरजही उरत नाही. उलट दिशेने ही उसनवारी शक्य नाही. ज्याची नक्कल होऊ शकते पण ज्याला नक्कल करण्याची मुभा नाही, तो साच्यातला माणूस, अशी व्याख्या येथून करता येईल. विली बेस्ट यांना आरंभीच्या काळात ‘स्लीप अँड ईट’, म्हणजे ‘झोपा आणि खा’, या नावाने पडद्यावर आणले गेले, तेव्हा हा साचा दुसऱ्या देहावर चढविता येतो हेच सिद्ध झाले.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र चित्रपटात नसलेल्या दृश्याचा आहे. ‘जज प्रीस्ट’मध्ये लिंचिंगचा, म्हणजे जमावाने कायदा हाती घेऊन केलेल्या हत्येचा, निषेध करणारे दृश्य होते आणि निर्मितिसंस्थेने ते कापले, असे फोर्ड यांनी पुढे सांगितले. त्याचा एक अवशेष शिल्लक आहे : आपण जेफला एकदा लिंचिंगमधून वाचविले, असा उल्लेख न्यायाधीश थट्टेच्या ओघात करून जातो. ते दृश्य राहिले असते, तर गोऱ्यांच्या न्यायालयात अडखळणारी जेफची जीभ आपण वेगळ्या रीतीने ऐकली असती. तो आळस वाटला नसता. चुकीचा एक शब्द प्राण घेऊ शकतो हे जाणणाऱ्या माणसाची ती सावधगिरी वाटली असती. भीतीचे कारण काढून घेतले आणि भीतीचा आविर्भाव तेवढा ठेवला की त्याचा विनोद होतो. साचा घडण्याची प्रक्रिया याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

फोर्ड यांनी १९५३ मध्ये ‘द सन शाइन्स ब्राइट’ काढून हीच कथाभूमी पुन्हा हाताळली. या वेळी न्यायाधीश एका निरपराध कृष्णवर्णीय तरुणासाठी जमावासमोर उभा राहतो. जेफच्या भूमिकेत पुन्हा पेरीच होते, आता पन्नाशी गाठलेले. लिंचिंग पडद्यावर परतले, पण जेफचा आविर्भाव बदलला नाही. भोवतालची रचना अंशतः दुरुस्त झाली, तरी वीस वर्षांत त्या संथपणावर जमलेला अर्थ पुसला गेला नाही. रचना अर्थ ठरविते, हे विधान म्हणूनच थोडे सुधारून घ्यावे लागते. पुरेशा वेळा ठरविलेला अर्थ अखेरीस देहालाच चिकटतो.

१९६८ साली सीबीएसच्या एका माहितीपटाने फेचिटला कृष्णवर्णीयांच्या विटंबनेचे प्रतीक म्हणून दाखविले. पेरी यांनी १९७० मध्ये दावा लावला. तो १९७४ मध्ये फेटाळला गेला. नट आदरार्थी आणि पात्र एकेरी, ही आपली वाटणी येथे कोसळते. एकेरीतला अपमान आदरार्थीतल्या माणसाला लागला होता, आणि तो दूर सारण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते.

मराठी समीक्षेत कृष्णवर्णीय अमेरिकी अनुभवाची चर्चा प्रामुख्याने दलित साहित्याच्या अनुषंगाने झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या चर्चेच्या केंद्रस्थानी स्वतःची गोष्ट स्वतः सांगण्याचा हक्क होता. पेरी यांची कारकीर्द त्याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते : दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टीत स्वतःच्या देहानिशी उभे राहणे. अशा माणसाला दोषी किंवा निर्दोष ठरविण्यापूर्वी त्या गोष्टीतून काय कापले गेले, हे समीक्षकाने शोधले पाहिजे. निषेध त्यानंतरही करता येईल. मात्र त्याचा रोख तेव्हा नटाकडून कात्री चालविणाऱ्या हाताकडे वळलेला असेल.