वाट सांगणे आणि वाट काढणे : दुर्गवाङ्मयाची भाषा व नकाशाचा खेळ

१

कोकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा, रोहा ते वीर, १९९३ च्या जून महिन्यात वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून महाड तालुक्यातील वीर हे स्थानक रायगडाकडे निघालेल्या भटक्यास परिचयाचे झाले आहे. या स्थानकावर उतरलेल्या अनोळखी मनुष्याला पुढचा प्रदेश तीन रीतींनी आपलासा करता येतो. पहिली रीत वाट विचारीत जाण्याची. दुसरी, वाटेचे वर्णन करणारे पुस्तक हाती घेऊन जाण्याची. तिसरी रीत म्हणजे नकाशा वाचून, आपले स्थान आपण ठरवून, आपली वाट आपण निवडण्याची. पहिल्या दोन रीती मराठी समाजात चांगल्या रुजल्या आहेत. तिसरी मात्र राष्ट्रीय छात्रसेनेचा अभ्यासक्रम आणि भूगोलाची प्रात्यक्षिके यांबाहेर क्वचितच दिसते.

ओरिएंटिअरिंग हा खेळ या तिसऱ्या रीतीवरच उभा आहे. मोठ्या प्रमाणाचा नकाशा व होकायंत्र घेऊन, नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली स्थळे ठरलेल्या क्रमाने व कमीत कमी वेळात गाठावयाची, एवढाच त्याचा नियम. दोन स्थळांमधील वाट कोणती घ्यावयाची, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. महाराष्ट्रात या खेळाविषयी जाणीव निर्माण व्हावी असे अनेकांना वाटते. परंतु ही जाणीव ज्या भाषेतून निर्माण करावयाची, त्या भाषेचा विचार झालेला नाही. डोंगरात हिंडण्याची एवढी दीर्घ परंपरा असलेल्या समाजात नकाशाचा खेळ परका का राहिला, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या दुर्गवाङ्मयाच्या भाषेत सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

मराठी दुर्गवाङ्मयाचे स्थूलमानाने दोन प्रवाह आहेत. एक ललित भ्रमणकथेचा. गो. नी. दांडेकर यांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरा मार्गदर्शनपर पुस्तकांचा. प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे आदी लेखकांनी तो समृद्ध केला. पहिल्या प्रवाहाने वाचकाला गडाचे वेड लावले आणि दुसऱ्याने त्याला गडाच्या पायथ्याशी नेऊन सोडले. या दोन्ही उपकारांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि दोन्ही प्रवाहांत वाट ही कथन म्हणूनच येते. ‘गावातून निघावे, ओढा डाव्या हातास ठेवावा, मळलेल्या वाटेने पठारावर यावे, तेथून उजवीकडची वाट धरावी’ असा मार्गदर्शनपर वाक्याचा सर्वसाधारण साचा असतो. या साच्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. क्रियापदे विध्यर्थी आहेत. काळाचा क्रम हाच स्थळाचा क्रम आहे. ‘डावे’ व ‘उजवे’ ही पदे चालणाऱ्याच्या शरीराशी बांधलेली आहेत. वाचक वर्णनाच्या धाग्यावर आहे तोवर सर्व ठीक चालते. धागा एकदा सुटला, म्हणजे गवतात मळलेली वाट बुजली किंवा पठारावर तीन ढोरवाटा फुटल्या, की पुढचे प्रत्येक वाक्य निरुपयोगी होते. ‘उजवीकडे’ या शब्दाचा अर्थ वाचकाचे तोंड कोणीकडे आहे यावर अवलंबून असतो, आणि ते पुस्तकाला कळू शकत नाही.

भाषाविज्ञानात या भेदाची चर्चा बरीच झाली आहे. स्टीफन लेव्हिन्सन यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात स्थलनिर्देशाच्या तीन चौकटी मानल्या : वस्तूच्या अंगभूत बाजूंवर आधारलेली, पाहणाऱ्याच्या शरीरावर आधारलेली व निरपेक्ष. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत डाव्या-उजव्याऐवजी दिशांचीच नावे वापरतात, हे उदाहरण आता सर्वपरिचित आहे. एरिक पेडरसन यांना तमिळ भाषकांत असे आढळले की, ग्रामीण भाषकांचा कल दिशावाचक पदांकडे, तर नागर भाषकांचा कल डाव्या-उजव्याकडे असतो. एकाच भाषेत दोन्ही चौकटी नांदू शकतात, आणि त्यांतील कोणती बळावते हे जगण्याच्या रीतीवर ठरते, एवढा बोध येथे पुरेसा आहे.

३

मराठीजवळ निरपेक्ष चौकट नव्हती काय? होती, आणि आहेही. दिशांची संस्कृत नावेच मुळी उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मनुष्याची नावे आहेत. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. लॅटिनमधील ‘देक्स्तेर’ हा उजवेपणाचा वाचक शब्द याच ‘दक्षिण’चा सगोत्र होय. स्वीडिश ‘ओरिएंतेरिंग’ या नावाच्या मुळाशीही ‘ओरिएन्स’, म्हणजे उगवता सूर्य, हाच लॅटिन शब्द आहे. तेव्हा ज्या खेळास परका समजावयाचे, त्याच्या नावातील कल्पना आपल्या दिशानामांत आधीपासूनच वसलेली आहे.

बोलीतील साक्ष याहून जवळची. उगवत आणि मावळत ही नावे अजून जिवंत आहेत. कोकणात किनाऱ्यालगतच्या पट्ट्यास खलाटी व डोंगराकडील पट्ट्यास वलाटी म्हणतात, म्हणजे खालचा व वरचा हा भेद चालणाऱ्याच्या अंगावर नव्हे तर भूमीच्या उतारावर बसविलेला आहे. महाड-पोलादपूरकडे भूरूपांची नावे विपुल आहेत : सोंड, खिंड, नाळ, घळ, टोक, माची, पठार, ओहोळ, खाचर. रायगडावर टकमक टोक, हिरकणी टोक आणि भवानी टोक अशी टोके आहेत. गडाच्या पायथ्याभोवतीची प्रदक्षिणा काळकाईच्या खिंडीतून जाते. या प्रदेशातील मनुष्य उताराच्या भाषेत विचार करतो, आणि समोच्च रेषा हे तर उताराचेच लेखन होय.

असे असता दुर्गवाङ्मयाने हे शब्द घेतले, परंतु त्यांची चौकट घेतली नाही. ‘सोंड’ हा शब्द ललित लेखनात रंग भरण्यासाठी येतो आणि मार्गदर्शक पुस्तकात वाटेवरील खूण म्हणून येतो. दोन ओहोळांमधील, उतरत्या दिशेला निमुळता होत गेलेला उंचवटा म्हणजे सोंड, आणि समोच्च रेषांत ती उताराच्या बाजूस वळलेल्या कमानींनी ओळखावयाची, असा संबंध कोणी लावून दिलेला नाही. वाचकाने सोंड वाचली, सोंडेवरून तो चाललाही, परंतु नकाशावर ती त्याला दिसली नाही.

४

खेळाच्या भाषेची या पार्श्वभूमीवर तुलना करावी. १८९७ साली नॉर्वेत या खेळाची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. १९१९ साली स्टॉकहोमजवळ अर्न्स्ट किलँडर यांनी मोठी स्पर्धा घेऊन त्यास आजचे वळण दिले, आणि १९६१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. भिन्नभाषी खेळाडूंसाठी या महासंघाने स्थळवर्णनाची शब्दविरहित चिन्हलिपी रूढ केली. तिच्या एका ओळीत आठ रकाने असतात. पहिल्या दोहोंत स्थळाचा अनुक्रम व त्याची खूण. पुढे, सारख्या भूरूपांपैकी कोणते, भूरूप कोणते, त्याचे स्वरूप कसे, माप किती, खुणेचे निशाण त्याच्या कोणत्या अंगास आणि अन्य काही सूचना. ‘दोन ओहोळांपैकी पूर्वेकडचा, उथळ, वरच्या टोकास’ असा अर्थ येथे चार चिन्हांत बसतो.

या लिपीत क्रियापद नाही, हे तिचे मर्म होय. ‘जावे’, ‘वळावे’, ‘धरावी’ यांतील काहीच तेथे नाही. स्थळ कोठे आहे एवढे सांगून भाषा थांबते, आणि तेथे कसे जावयाचे हा निर्णय वाचकाकडे राहतो. मार्गदर्शक पुस्तक वाट सांगते. हा खेळ वाट काढावयास लावतो. पूर्वीच्या भाषेत अनुयायी घडतो, दुसरीत निर्णय घेणारा. रायगडाची प्रदक्षिणा व हा खेळ यांत भेद आहे तो हाच. दोन्हींत पायपीट आहे, परंतु प्रदक्षिणेची वाट आधीच ठरलेली असते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. वाट विचारणे हा केवळ माहितीचा व्यवहार नव्हे. गडाखालच्या वाडीतील मनुष्याशी बोलणे, त्याच्या ओट्यावर टेकणे, त्याला आपल्याहून जाणता मानणे हे आपल्या भटकंतीचे संस्कार आहेत, आणि भ्रमणकथांतील उत्तम पाने त्यांतूनच लिहिली गेली. नकाशा आला की हा संबंध तुटेल. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु नकाशा तयार कसा होतो इकडे लक्ष दिल्यास तो बराचसा सौम्य होतो. या खेळाचा नकाशा प्रत्यक्ष पायी हिंडून करावा लागतो. कोणती देवराई वर्ज्य ठेवावयाची, कोणत्या खाचरात पीक उभे आहे, कोणता ओहोळ बारमाही, हे वाडीतील मनुष्यावाचून कोण सांगणार? तेव्हा विचारणे संपत नाही. ते चालण्याच्या घटकेपासून नकाशा करण्याच्या घटकेकडे सरकते, इतकेच.

५

आता प्रसाराच्या भाषेकडे वळता येईल. तिच्यात तीन दोष संभवतात.

पहिला दोष वर्गीकरणाचा. हा खेळ ‘साहसी खेळ’ या सदरात टाकला जातो. संस्कृत धर्मशास्त्रात साहस हे अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे बळजबरीचा अपराध. आजच्या मराठीत शब्दाची अपराधछटा गेली, पण अविचाराची छटा पुरती गेलेली नाही. जो खेळ पावलागणिक विचार मागतो, त्याला हे सदर अयोग्य होय. पाल्याला दरीकाठी पाठविण्यास कचरणाऱ्या पालकासही त्या शब्दाने धीर येत नाही.

दुसरा दोष नामकरणाचा. ‘दिशाशोध’ हे भाषांतर सुचविले जाणे स्वाभाविक आहे, परंतु ते फसवे आहे. दिशा शोधावी लागत नाही. ती सुई दाखविते, आणि महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत एका अंशाचेही अंतर नसल्याने तीत फारशी गफलतही होत नाही. शोधावयाचे असते ते स्वतःचे स्थान व पुढची वाट. क्रिकेटचे नाव जसेच्या तसे घेतल्याने तो खेळ परका राहिला नाही. तसेच हेही नाव राहू द्यावे. मराठी हवी ती आतल्या शब्दांत.

तिसरा दोष या आतल्या शब्दांच्या अनिश्चितीचा. शिवथरघळ येथील ‘घळ’ ही गुहा होय. इतरत्र घळ म्हणजे पाण्याने कापलेली अरुंद दरी. वाळण कोंड येथील ‘कोंड’ हा नदीतील डोह. अन्य ग्रामनामांत कोंड म्हणजे वस्ती. बोलीत ही अनेकार्थता शोभते, चिन्हलिपीत मात्र गुहेस एक व दरीस दुसरे चिन्ह लागते. पाठ्यपुस्तकांनी समोच्च रेषा, स्थलनिर्देशक नकाशा, दिगंश ही नावे दिली, परंतु ती बोलीतील नावांशी जोडली नाहीत. रंगांचीही हीच कथा. शाळेत हिरवा म्हणजे अरण्य असे शिकविले जाते. या खेळाच्या नकाशात धावता येण्याजोगे विरळ अरण्य पांढरे, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दुर्गम. हा भेद न सांगितल्यास नवखा खेळाडू सुगम रान टाळतो आणि करवंदीच्या जाळीत शिरतो.

यात रोमन लिपीतील ग्रामनामांची भर पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एफ/८ या १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रात महाड व रायगड येतात. रोमन लिपीत ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ यांचा भेद उरत नाही. वाळण, तळिये अशी नावे तीत लिहिली की त्यांचा उच्चार माहितगारालाच काढता येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशाधोरणाने आणि त्याहूनही २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे मिळविण्यातील व करण्यातील अडचणी पुष्कळ दूर केल्या आहेत. भाषेची अडचण दूर करणे हे मात्र सर्वेक्षकाचे नव्हे, भाषाभ्यासकाचे काम आहे.

६

हे सर्व एका खेळापुरतेच असते, तर इतका विचार कदाचित अनाठायी ठरला असता. परंतु महाड तालुक्यात उतार वाचता येणे ही करमणुकीची बाब नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. नकाशावाचनाने दरड थांबत नाही, आणि खेळाच्या प्रसारकांनी तसा दावा करणे हा मृतांचा उपमर्द ठरेल. परंतु धोक्याचे नकाशे, स्थलांतराच्या वाटा, पुनर्वसनाच्या जागा हे सर्व शासन समोच्च रेषांच्या भाषेत मांडते, आणि ज्यांच्या घरांविषयी ते मांडले जाते त्यांना ती भाषा वाचता येत नाही. आपल्याच डोंगराविषयीच्या कागदावर त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागते. चौदा वर्षांच्या मुलामुलींना ही भाषा कंटाळा न येता शिकविणारे साधन म्हणून या खेळाकडे पाहिले पाहिजे.

त्याचा आरंभ मोठ्या स्पर्धेने होणार नाही. वीर स्थानकाभोवतीचा एखादा चौरस किलोमीटर, १ : १०,००० प्रमाणाचा, पाच मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा नकाशा, भातकापणीनंतर मोकळी झालेली खाचरे, आणि नकाशाच्या कडेला सोंड, खिंड, ओहोळ, घळ यांची देवनागरीत चिन्हांसह सूची, एवढी सामग्री एका शाळेला पुरेशी आहे. त्या सूचीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ निश्चित करणे हे मराठीच्या व भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका हिवाळ्यात करण्याजोगे क्षेत्रकार्य होय.

दुर्गवाङ्मयाने मराठी मनाला डोंगरावर नेले. पुढच्या पिढीच्या लेखकाने वाट सांगताना क्षणभर थांबावे, ओढ्याची दिशा व सोंडेचा उतार सांगावा, आणि ‘उजवीकडे वळावे’ हे वाक्य वाचकावर सोडावे. त्या वाङ्मयाची परंपरा यामुळे खंडित होणार नाही, उलट तिच्यात वाचकाचा वाटा वाढेल.