‘संतसूर्य तुकाराम’ : वादातून निसटलेली कादंबरी

महाबळेश्वर येथे मार्च २००९ मध्ये भरलेले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडले. निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणाला वारकरी संप्रदायातून तीव्र आक्षेप घेतला गेला. यादवांनी क्षमा मागितली, कादंबरी मागे घेतली. तरीही त्यांना पद सोडावे लागले. या घटनेची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध श्रद्धा एवढ्याच चौकटीत झाली. कादंबरीचे मूल्यमापन बव्हंशी राहून गेले.

वस्तुतः येथील पहिला प्रश्न वाङ्मयप्रकाराचा आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पासून (१९६२) मराठी वाचकाने चरित्रात्मक कादंबरी इतिहास म्हणूनच वाचली आणि लेखक-प्रकाशकांनी हा समज सहसा मोडला नाही. रमा-माधवांचे कल्पित संवाद खरे मानून डोळे पुसणाऱ्या वाचकाला, तुकोबांची पाळी येताच ‘ही केवळ कादंबरी आहे’ असे सांगणे कितपत प्रामाणिक होय? गौरवाच्या वेळी सत्य आणि आक्षेपाच्या वेळी कल्पित, ही सोय या प्रकाराने दीर्घकाळ भोगली आहे.

दुसरा प्रश्न खुद्द चित्रणाचा. दिवाळे, दुष्काळ, पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू हे सारे तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःच नोंदविले आहे. तारुण्याविषयी मात्र आधार तुटपुंजे आहेत. ‘झोंबी’च्या लेखकाला ही पोकळी माणूसपणाने भरावीशी वाटणे स्वाभाविक होते, संताला देव्हाऱ्यातून उतरवून शेता-बाजारात पाहण्याची त्याची दृष्टी मोलाचीच आहे. परंतु भोगाकडून विरक्तीकडे हा साचा वाल्या-वाल्मीकीच्या कथेइतका जुना आहे. दुष्काळाने हादरलेल्या सावकार-वाण्याच्या मनातील उलथापालथ त्या साच्याशिवायही उभी राहू शकली असती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा कलात्मक दोष होय. त्याचे उत्तर समीक्षेने द्यावयाचे असते, बहिष्काराने नव्हे.

आक्षेपकांना एक स्मरण करून देणे अप्रस्तुत ठरू नये : रामेश्वरभट्टांच्या आज्ञेने वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा याच संप्रदायाने श्रद्धेने जपली आहे.

यादवांचे २०१६ मध्ये निधन झाले. कादंबरी मागे घेतली गेल्यामुळे वरील साच्याविषयीचा माझा आक्षेप योग्य की अयोग्य, हे संहिता समोर ठेवून पडताळणे विद्यार्थ्यांना दुरापास्त झाले आहे.