चौकट आणि जोडाक्षर

टर्मिनलमधील ‘व्हिम’ श्रेष्ठ की खिडक्यांनी सजलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’, हा प्रोग्रामरांचा वाद बहुधा वेगाच्या व सवयीच्या आधारे चालतो. लिपीचा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

१९७६ मध्ये बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ रचला. त्यांच्या टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. ‘व्हिम’चे उपासक आजही त्याच कळांनी सरकतात. ही काटकसर मोहक आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु टर्मिनलच्या मुळाशी समान चौकटींचे गृहीत आहे, आणि ते रोमन लिपीला सोयीचे आहे. ‘क्षि’ युनिकोडमध्ये क, हलन्तचिन्ह, ष व ऱ्हस्व वेलांटी अशा चार संकेतांनी लिहिले जाते. शेवटी येणारी वेलांटी दिसते मात्र सर्वांच्या आधी. अनेक टर्मिनलांत हे अक्षर विस्कटते.

मुंबईस हा पेच अगदीच नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथील अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी ‘डिग्री’ पद्धतीने अक्षराचे खंड पाडले. खिळे कमी झाले. खंड जुळविण्याचा भार कंपोझिटरवर पडला. तथापि ते खंड देवनागरीची घडण पाहून पाडलेले होते. टर्मिनलची चौकट देवनागरी दृष्टीसमोर नसतानाच ठरली.

चित्रमय साधनात अक्षर जुळते खरे. पण त्याच्याच पोटातील टर्मिनलची पट्टी पुन्हा चौकटींचीच. मराठी संहितेवर काम करणाऱ्याने आज्ञा खुशाल ‘व्हिम’मध्ये लिहाव्यात, संहिता तपासावयाची ती मात्र अन्यत्र.