दैनंदिनीतील पावित्र्य : बेर्नानोसच्या कादंबरीचा रूपबंध

पावित्र्य हा कादंबरीला अडचणीत आणणारा विषय आहे. संतचरित्राला चमत्काराचा आधार असतो. वास्तववादी कादंबरीला तो घेता येत नाही. शिवाय ज्याच्या पावित्र्याची ग्वाही निवेदकच देतो, त्या नायकावर वाचकाचा विश्वास बसत नाही. झॉर्झ बेर्नानोस (१८८८–१९४८) या फ्रेंच कॅथलिक लेखकाने ‘एका खेड्यातील धर्मगुरूची दैनंदिनी’ या १९३६ मधील कादंबरीत या अडचणीतून काढलेली वाट मुख्यतः रूपबंधाची आहे.

आंब्रिकूरचा तरुण धर्मगुरू येथे रोजनिशी लिहितो. कंटाळ्याने पोखरलेला धर्मग्राम, पोटातील वेदना, न साधणारी प्रार्थना एवढेच तिचे आशयद्रव्य. लिहिणारा स्वतःला अपयशी समजतो. त्याचे पावित्र्य त्यालाच दिसू नये, ही या कथनाची अट आहे. ते दिसते तर तो अहंकार ठरता. वाचकाला ते नोंदींच्या फटींतून जाणवते. मद्यात भिजविलेला पाव हेच त्याचे अन्न. त्यावरून गाव त्याला दारुडा ठरवते. मिस्सेतील द्रव्ये आणि रोजचे जेवण यांतील अंतर असे नकळत नाहीसे होते. पुत्रशोकाने परमेश्वराशी वैर धरलेली उमरावपत्नी त्याच्याशी झालेल्या संवादानंतर शांत होते आणि त्याच रात्री मरण पावते. तिचे कृतज्ञतेचे पत्र जवळ असूनही ते जाहीर करून तो स्वतःचा बचाव करीत नाही.

दैनंदिनी लेखकाचा मृत्यू सांगू शकत नाही. तो धर्मगुरूपद सोडलेल्या मित्राच्या पत्रातून कळतो. पापक्षमाही त्याच मित्राकडून मिळते. अखेरच्या शब्दांत कृपेचा उच्चार येतो. त्यामागे क्षुल्लक कृतींत पावित्र्याची वाट पाहणाऱ्या लिझ्यच्या तेरेझचा (१८७३–१८९७) वारसा आहे. हा उच्चार म्हणजे लेखकाने दिलेला निवाडा, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो एका डळमळीत साक्षीदाराच्या हातून आल्यामुळे उपदेश होत नाही.

पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये शेजारी राहणाऱ्या संतांचा निर्देश केला. हे विधान आहे. कादंबरीत तो प्रत्यय आहे. धर्मवचनाचे उदाहरण म्हणून ती वाचली, तर तिचे मौनच हरवते. आज रोजच्या जगण्याची नोंद बहुधा इतरांना दाखविण्यासाठी होते. अशा संस्कृतीत, कोणी पाहत नसताना जगलेल्या आयुष्याला भाषा कशी द्यावी, हा बेर्नानोसचा प्रश्न श्रद्धेच्या सीमेबाहेरही तितकाच अवघड राहतो.