फाइनमन कोणाला हसतात?

‘शुअर्ली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!’ (१९८५) या पुस्तकाचा विषय शिक्षकांत निघाला, की ब्राझीलच्या प्रकरणाची आठवण हमखास निघते. तिथल्या विद्यार्थ्यांना ब्रूस्टरचा कोन तोंडपाठ. पण खिडकीबाहेरच्या पाण्यावरून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, हे मात्र पोलरॉइड डोळ्यांसमोर फिरवेपर्यंत ठाऊक नव्हते. आपण मनमुराद हसतो. हसावेच, पण तिथे फजिती दुसऱ्याची आहे आणि आपली घोकंपट्टी त्या हसण्यात अलगद सुटून जाते.

मला संमोहनाचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना फाइनमन हौसेने संमोहनाच्या प्रयोगाला बसले. ‘तुम्हाला डोळे उघडता येणार नाहीत,’ अशी सूचना मिळाली. उघडता येतील, पण उगाच खेळ कशाला मोडा, असे त्यांच्या मनात आले. पुढे सर्वांसमोरच्या प्रयोगात सूचना होती, की जागे झाल्यावर सरळ जागेवर न जाता सभागृहाला वळसा घालून जायचे. आता पुरे, सरळच जायचे, असे ठरवून ते निघाले. आणि इतके अस्वस्थ वाटू लागले, की मुकाट्याने वळसा घातला!

विनोद आहे तो ‘मनात आणले तर मी करीन’ या समजुतीवर. ‘तंबाखू काय, उद्या सोडीन’ म्हणणारा आणि ‘ताईत बांधलाय, पण विश्वास नाही हो’ म्हणणारा विज्ञानशिक्षक, दोघेही तोच वळसा घालीत असतात. फरक इतकाच, की सरळ चालून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केलेला नसतो.

सगळ्या पुस्तकात हे साधलेले नाही. बारमधल्या स्त्रियांविषयीच्या प्रकरणात लेखक स्वतःच्या चलाखीवरच खूष आहे. तिथे विनोद ही निव्वळ बढाई होते. विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक देताना हे सांगूनच द्यावे.

शेवटी कॅलटेकमधले १९७४ चे भाषण आहे. मिलिकन यांनी हवेच्या श्यानतेचे मूल्य चुकीचे घेतले, त्यामुळे इलेक्ट्रॉनचा भार थोडा कमी आला. नंतरच्यांची उत्तरे एकदम न सुधारता हळूहळू वर सरकली. फाइनमन यांच्या मते, उत्तर फार वेगळे आले की ते चूक शोधीत. जवळचे आले की तितकी शोधीत नसत.

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण ७४० आले, की मी विद्यार्थ्याला ‘पुन्हा मोज’ म्हणतो. ९८० आणणाऱ्याला अजून एकदाही म्हटलेले नाही. त्याच्या वहीवर सही होते.