अस्पष्टतेची जबाबदारी : ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची व्यक्तिचित्रे

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या व्यक्तिचित्रांतील अस्पष्टता हा त्यांच्या हयातीपासून वादाचा विषय आहे. १८६५ साली लंडनच्या ‘फोटोग्राफिक जर्नल’ने त्यांची चित्रे तांत्रिक दृष्ट्या सदोष ठरविली, पुढील पिढ्यांतील रसिकांनी त्याच अस्पष्टतेत काव्य पाहिले. दोन्ही पक्षांनी एक प्रश्न मात्र टाळला. या अस्पष्टतेतील किती भाग आधी योजलेला, किती भाग योगायोगाने हाती आलेला आणि किती भाग मागाहून विचारपूर्वक पत्करलेला, हा तो प्रश्न होय. त्याचा निवाडा केल्यावाचून या चित्रांचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्याचा. १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने व जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथील राहत्या घरी कोळशाच्या खोलीची त्यांनी अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचे चित्रणगृह केले. (कोंबड्यांना मुक्ती मिळाली, त्या कोणाच्या ताटात गेल्या नसाव्यात, अशी आशा बाईंनी स्वतःच नोंदविली आहे.) पहिल्या चित्राच्या ओल्या काचेवरून हात फिरल्याने ते चित्र पुसून गेले. अशा आरंभावरून पुढील साऱ्या कर्तृत्वाला हौशी बाईचा धांदरटपणा मानण्याची सवय समीक्षेला लागली असावी.

वस्तुतः त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत धांदरटपणाला फारसा वाव नसे. काचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच ते विकसित करावयाचे; थर वाळला की सारे व्यर्थ. शिवाय बाई आपली चित्रे मोठी करून छापीत नसत. निगेटिव्ह कागदाला भिडवून सूर्यप्रकाशात छाप घेतला जाई, म्हणून छाप निगेटिव्हएवढाच होई. चेहरा जवळजवळ खऱ्या मापाचा हवा असेल तर काच मोठी हवी, काच मोठी म्हणजे भिंग लांब पल्ल्याचे हवे, आणि असे भिंग जवळून रोखले की स्पष्टतेची खोली आकुंचित होऊन जेमतेम डोळ्यांपासून गालापर्यंतच उरते. छिद्र लहान करून ती वाढविता येते. पण मग प्रकाश कमी पडतो, आणि मुळातच कित्येक मिनिटे निश्चल बसणाऱ्या माणसाला आणखी किती वेळ बसविणार? चेहऱ्याचे माप ठरविले त्याच क्षणी कानांमागचे केस धूसर होणार हेही ठरून जात असे. ज्याला आळस म्हटले गेले त्यात मापाच्या निवडीची किंमत कितीतरी होती.

योगायोगाचा भाग यानंतर येतो. १८७४ साली लिहिलेल्या आणि अपुऱ्याच राहिलेल्या आठवणींत आपली पहिली अस्पष्ट चित्रे हा निव्वळ योग होता, अशी कबुली बाईंनी दिली आहे. भिंग सरकवीत असता प्रतिमा सुंदर भासली की त्या तिथेच थांबत, इतरांप्रमाणे ती अधिक रेखीव करण्याच्या मागे लागत नसत. दहा वर्षांनंतरच्या आठवणींवर किती भिस्त ठेवावी, हा अर्थातच रास्त आक्षेप आहे. यशस्वी कलावंताला स्वतःच्या योगायोगांवर हेतूचा मुलामा चढविण्याचा मोह होतो. पण इथे दोन पुरावे अधिक बळकट आहेत. १८६४ च्या अखेरीस, म्हणजे कॅमेरा हाती आल्यावर वर्षभरात, सर जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी योग्य फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा सवाल केला होता. दुसरा पुरावा साधनाचा. पहिले जामँ यांचे भिंग मध्यभागी स्पष्ट व कडांकडे ढासळती प्रतिमा देणाऱ्या जातीचे होते. १८६६ मध्ये त्यांनी डॅलमायर यांचे कडांपर्यंत अधिक नीट प्रतिमा देणारे भिंग आणि १५ इंच × १२ इंच काचांचा मोठा कॅमेरा घेतला. सुधारलेल्या भिंगासह मृदुता नाहीशी होती, तर पूर्वीची मृदुता भिंगाचीच ठरली असती. ती राहिली.

१८६७ मधील हर्शेल यांचे व्यक्तिचित्र या दृष्टीने मुद्दाम पाहावे. बाई स्वतः साधनसामग्री घेऊन केंट परगण्यातील त्यांच्या घरी गेल्या. प्रकाश पकडला जावा म्हणून वृद्ध ज्योतिर्विदाला त्यांनी केस धुवावयास लावले, असे सांगतात. गडद वस्त्राने अंग झाकले, मागे काळोख, उरला तो चेहरा आणि भोवतालचे विस्कटलेले तेजोवलय. केस, वस्त्र, प्रकाश हे सारे योजलेले. पण पंचाहत्तर वर्षांच्या त्या डोळ्यांतील थकवा कोणत्याही योजनेत बसणारा नाही. योजनेने त्याला जागा करून दिली एवढेच.

याच कसाला १८७४-७५ ची टेनिसन यांच्या काव्यावरील चित्रे उतरत नाहीत. बारा यशस्वी चित्रांसाठी आपण २४५ काचा खर्ची घातल्या, असे बाईंनीच लिहिले आहे. निवडीची कसोशी तीच, परिश्रम कदाचित अधिक. मात्र येथे चिलखते, पडदे आणि भूमिका आधीच इतक्या ठरून गेल्या आहेत की समोरच्या माणसाने काही आणून देण्यास जागाच उरलेली नाही. राजाच्या वेषातला मनुष्य राजाचा वेष घातलेला मनुष्यच राहतो. ज्या वर्षी बाईंनी आपल्या आरंभीच्या योगायोगाचे कृतज्ञतेने स्मरण केले, त्याच वर्षी त्या योगायोगाला जवळजवळ थाराच न देणारी ही चित्रे त्या घेत होत्या.